नऊ पॉइंट एक टक्का

११ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात कामकाजाच्या नियमांचा एक ठराव मंजूर झाला. कुठल्या विधेयकावर किती वेळ चर्चा करायची, दुरुस्त्या घ्यायच्या की नाही, असं ठरवणारे ठराव तिथे सतत होत असतात आणि त्यांच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही. या ठरावात मात्र एक वाक्य होतं. राष्ट्राध्यक्षांनी १ फेब्रुवारीला जाहीर केलेल्या आणीबाणीपुरता, या अधिवेशनातला उरलेला एकही दिवस कॅलेंडरमधला दिवस म्हणून धरला जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. २१६ विरुद्ध २१४ मतांनी तो ठराव पास झाला.

त्यामागचं कारण सरळ होतं. १ फेब्रुवारीच्या आणीबाणीवरच कॅनडा, मेक्सिको आणि चीनवरचं नवं आयात शुल्क उभं होतं. आणीबाणी रद्द करण्याचा प्रस्ताव कुणा सदस्याने मांडला, तर समितीने तो पंधरा दिवसांत सभागृहापुढे आणला पाहिजे आणि त्यानंतर तीन दिवसांत मतदान झालं पाहिजे, असा १९७६चा कायदा आहे. दिवस मोजायचेच नाहीत असं ठरल्यावर पंधरावा दिवस येणार कुठून? मतदान टळलं. करावरचा आपला हक्क ज्या सभागृहाने वापरायचा, त्यानेच स्वतःच्या हातांनी घड्याळ थांबवलं होतं.

ते वाक्य वाचून मी हादरले. माझं पोटपाणी तारखांवर चालतं. न्यू जर्सीत एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात मी काम करते. जहाजातून माल नेवार्क-एलिझाबेथच्या बंदरात उतरतो, त्याआधी त्याची कागदपत्रं आमच्याकडे येतात. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. मालाचा दहा आकडी कोड शोधायचा, त्यावरचा दर लावायचा, फॉर्म भरायचा, पैसे भरून माल सोडवायचा. पूर्वी एका वस्तूला बहुधा एकच ओळ पुरायची. २०२५ मध्ये एकेका टॉवेलखाली तीन-तीन ओळी येऊ लागल्या, आणि कुठली ओळ लागणार हे मालावर कमी आणि मिनिटांवर जास्त ठरू लागलं. प्रत्येक आदेशात रात्री बारा वाजून एक मिनिट ही वेळ असायची. त्या मिनिटाआधी जहाजावर चढलेला माल वेगळा, नंतर चढलेला वेगळा.

टॉवेलचंच सांगते, कारण त्यात आपलं सोलापूर आहे. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेचं नेहमीचं शुल्क ९.१ टक्के. एप्रिल २०२५ पासून त्यावर दहा टक्के चढले. ७ ऑगस्टपासून भारतासाठी दहाचे पंचवीस झाले. रशियाकडून तेल घेतल्याबद्दल आणखी पंचवीस टक्के २७ ऑगस्टपासून लागू झाले. या शेवटच्या पंचविसांत एक सवलत होती. २७ ऑगस्टच्या त्या मिनिटाआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत इथे कस्टममधून सुटलेला माल त्यातून वगळलेला होता.

आमचे एक जुने ग्राहक मूळचे सोलापूरचे. इथल्या छोट्या हॉटेलांना टॉवेल आणि चादरी पुरवतात. त्यांचा कंटेनर ऑगस्टच्या मध्यावर न्हावाशेवाहून निघाला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं अजून आफ्रिकेला वळसा घालून येत होती. रोज सकाळी ते फोन करायचे, मी जहाजाचा ठावठिकाणा सांगायचे. जहाज १७ तारखेनंतर लागलं. वेळेत लागलं असतं तर ३४.१ टक्के, आता ५९.१.

"ताई, ऑर्डर मी जूनमध्ये दिली होती," ते म्हणाले. "तेव्हा वरचे दहा टक्के होते. हॉटेलवाल्यांना भाव तेव्हाच देऊन बसलोय. आता हे पैसे मी कुणाकडं मागू?"

साठ हजार डॉलरच्या मालावर पस्तीस हजारांहून जास्त ड्यूटी. मी आकडा टाइप केला, त्यांना पाठवला, आणि त्यांनी भरला. त्यातला थोडा भार सोलापूरच्या कारखानदाराने डिस्काउंट देऊन उचलला, असं नंतर कळलं. त्या कारखानदाराने पुढे किती माग बंद ठेवले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हापासून माझं मन त्या ९.१ या आकड्यात गुंतलं आहे. आमच्या कामात तो रोज दिसतो, म्हणून त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो आकडा एका रात्रीत आलेला नाही. १९८६ मध्ये उरुग्वेत सुरू झालेल्या जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी आठ वर्षं चालल्या. १९९४ च्या एप्रिलमध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी त्याला संमती दिली, हाऊसने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, २८८ विरुद्ध १४६ आणि सिनेटने ७६ विरुद्ध २४ मतांनी. मग कापडावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत आणलं. कॅरोलायनातल्या गिरण्यांचे कैवारी तेव्हा भांडले, हरले, आणि कुणी कसं मत दिलं हे नोंदवलं गेलं. त्या दशांशामागे एवढी माणसं उभी आहेत. पंचवीस अधिक पंचविसामागे एक सही आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत याबद्दल संदिग्धता नाही. पहिल्याच कलमाच्या आठव्या भागात कर आणि आयात शुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला आहे. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांचं कलम त्यानंतर येतं आणि त्यात शुल्काचा शब्दही नाही. १७८९ च्या एप्रिलमध्ये पहिली काँग्रेस जेमतेम भरली, वॉशिंग्टन यांचा शपथविधीही व्हायचा होता, आणि जेम्स मॅडिसन यांनी सभागृहापुढे पहिला मोठा विषय ठेवला तो आयात शुल्काचा. ४ जुलै १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी त्या कायद्यावर सही केली. त्यानंतर कितीतरी दशकं केंद्र सरकारचा बहुतेक खर्च याच पैशावर चालला. प्राप्तिकर कायमचा आला तो थेट १९१३ मध्ये. राजाने बसवलेल्या करांविरुद्ध उठून स्वतंत्र झालेल्या माणसांनी कराची चावी एका माणसाच्या हाती दिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण ही चावी काँग्रेसने नीट सांभाळली असंही नाही. १८२८ च्या शुल्काने दक्षिणेकडची राज्यं इतकी चिडली, की साउथ कॅरोलायनाने तो कायदा आपल्या हद्दीत रद्द ठरवला आणि प्रकरण सैन्य पाठवण्यापर्यंत गेलं. आणि १९३० चं प्रकरण तर त्याहून वाईट.

रीड स्मूट हे युटाचे सिनेटर, विलिस हॉली हे ओरेगनचे प्रतिनिधी. शेतकऱ्यांना दिलासा द्यायचा म्हणून विधेयक निघालं. मग प्रत्येक सदस्य आपापल्या मतदारसंघातली वस्तू घेऊन आला. तू माझ्या साखरेला मत दे, मी तुझ्या चपलांना देतो. असं करत करत हजारो वस्तूंवरचे दर चढले. १,०२८ अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना सही न करण्याची लेखी विनंती केली. सिनेटमध्ये ते ४४ विरुद्ध ४२ असं काठावर निसटलं, आणि १७ जून १९३० रोजी हूवर यांनी सही केली. अंड्यांचं उदाहरण घ्या. कॅनडातून येणाऱ्या डझनभर अंड्यांवरचं शुल्क अमेरिकेने आठ सेंटचं दहा केलं. कॅनडा आपल्या बाजूला अमेरिकी अंड्यांवर तीन सेंट घेत होता, त्यानेही ते दहा केले. मुळात अमेरिकाच कॅनडाला जास्त अंडी विकत होती. ती विक्री दोन-तीन वर्षांत जवळजवळ आटली. महामंदी काही या एका कायद्याने आली नाही, पण जगाचा व्यापार आक्रसत असताना या कायद्याने प्रत्येक देशाला दार लावून घ्यायला निमित्त दिलं. १९३२ मध्ये मतदारांनी स्मूट आणि हॉली दोघांनाही घरी पाठवलं.

म्हणून काँग्रेसकडेच सगळा अधिकार परत द्या, असं कुणी सरसकट म्हणतं तेव्हा मला १९३० आठवतं. सदस्यांना आपला जिल्हा दिसतो, देश दिसायला वेळ लागतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येत नाही.

त्या आक्षेपाला उत्तर टेनेसीच्या एका माणसाने शोधलं. कॉर्डेल हल. काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं काढलेले, मग रूझवेल्ट यांचे परराष्ट्रमंत्री. १९३४ मध्ये त्यांच्या आग्रहाने कायदा झाला: राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्या देशाशी करार करावा, आणि त्या करारासाठी दर पन्नास टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करावेत. हा अधिकार तीन वर्षांसाठी होता. तीन वर्षांनी पुन्हा काँग्रेसकडे यायचं, काय केलं ते सांगायचं, आणि पुन्हा मागायचं. १९३७ मध्ये मागितला, १९४० मध्ये मागितला, आणि पुढेही मागत राहिले. दरवेळी वाद झाला, दरवेळी मतं पडली.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा तो तीनचा आकडा आहे. अधिकार दुसऱ्याच्या हाती देणं चूक नव्हतं. वाटाघाटीच्या टेबलावर ५३५ माणसं बसू शकत नाहीत, एकालाच पाठवावं लागतं. गावाकडे शेत वाट्याने देतात तेव्हा सुद्धा मुदत ठरवून देतात, मालकी सोडून देत नाहीत. हल यांच्या काँग्रेसने मुदत ठेवली. नंतरच्यांनी ती ठेवली नाही, आणि इथूनच बिनसायला लागलं.

१९६२ च्या कायद्यात कलम २३२ आलं. राष्ट्रीय सुरक्षेला धोका असेल तर आयातीला आळा घालण्याची मुभा, शेवटची तारीख नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क याच कलमाखाली आहे आणि जून २०२५ मध्ये ते पन्नास टक्क्यांवर नेलं. १९७४ च्या कायद्यात कलम ३०१ आलं, अन्याय्य व्यापाराला उत्तर म्हणून. आणि १९७७ मध्ये आला तो आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा, ज्यावर २०२५ चा बहुतेक डोलारा उभा राहिला.

हा १९७७ चा कायदा कशासाठी झाला होता? राष्ट्राध्यक्षांना आवरण्यासाठी. व्हिएतनाम आणि वॉटरगेटच्या काळात सिनेटच्या एका समितीने शोध घेतला तेव्हा लक्षात आलं, की १९३३ ची बँकांची आणीबाणी कागदोपत्री अजून चालूच आहे. १९५० ची कोरियन युद्धाची चालू आहे. १९७० ची टपाल संपाची आणि १९७१ ची निक्सन यांचीही. निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये सगळ्या शुल्कपात्र आयातीवर दहा टक्के अधिभार लावला होता, काही महिन्यांत तो उठवला, पण आणीबाणी तशीच राहिली. हे थांबावं म्हणून काँग्रेसने १९७६ आणि १९७७ मध्ये नवे कायदे केले आणि त्यात आपल्यासाठी एक लगाम ठेवला. दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी संपेल, राष्ट्राध्यक्षांची सही लागणार नाही.

तो लगाम तुटला तो एका विद्यार्थ्याच्या खटल्यात. जगदीश चढ्ढा. केनियात जन्म, आईवडील भारतीय वंशाचे, पासपोर्ट ब्रिटिश. शिकायला ओहायोला आले. व्हिसा संपला तोवर केनिया स्वतंत्र झालेला, आणि केनिया किंवा ब्रिटन दोघंही त्यांना सहजी घेईनात. त्यांना इथेच राहू द्यावं असा निर्णय इमिग्रेशनच्या न्यायाधीशांनी १९७४ मध्ये दिला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे असे निर्णय एकटं प्रतिनिधीगृहही फिरवू शकायचं. डिसेंबर १९७५ मध्ये ३४० जणांच्या यादीतून सहा नावं बाहेर काढली गेली, त्यात चढ्ढा होते. ते लढले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: कायद्याचा परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षांची सही, हा एकच रस्ता आहे. एका सभागृहाने परस्पर नकार देणं घटनाबाह्य. चढ्ढा इथे राहिले, आणि ते योग्यच झालं. पण त्या निकालाने जवळपास दोनशे कायद्यांमधल्या अशाच तरतुदी निकालात निघाल्या. न्यायमूर्ती व्हाइट यांनी आपल्या विरोधी मतात हा इशारा दिलाच होता.

आणीबाणीचा कायदा त्यानंतर १९८५ मध्ये बदलावा लागला. आता ठराव राष्ट्राध्यक्षांकडे सहीसाठी जातो. ज्याची आणीबाणी संपवायची, त्याचीच संमती हवी. त्याने नकाराधिकार वापरला, तर दोन तृतीयांश मतं गोळा करायची, सिनेटमध्ये ६७ आणि हाऊसमध्ये सगळे हजर असतील तर २९०. देताना साधं बहुमत पुरलं होतं. परत घ्यायला दोन तृतीयांश. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शुल्काच्या खटल्यात युक्तिवाद चालू असताना न्यायमूर्ती गोरसच यांनी नेमका हाच प्रश्न लावून धरला, की एकदा गेलेला अधिकार काँग्रेसकडे परत येणार कसा.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवलं, की २०२५ मध्ये काही मोजक्या सदस्यांनी जे केलं त्याची किंमत कळते. ३ एप्रिलला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी सगळ्या जगावर शुल्क जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सिनेटमध्ये एक विधेयक आलं. आणणारे दोघं. आयोवाचे चक ग्रासली, रिपब्लिकन, १९३३ साली जन्मलेले, १९८१ पासून सिनेटमध्ये. आणि वॉशिंग्टन राज्याच्या मारिया कॅन्टवेल, डेमोक्रॅट. राष्ट्राध्यक्षांनी नवं शुल्क लावलं तर ४८ तासांत काँग्रेसला कारणांसह कळवावं, आणि काँग्रेसने ६० दिवसांत मंजुरी दिली नाही तर ते आपोआप संपावं, असं ते विधेयक. हाऊसमध्ये तसंच विधेयक नेब्रास्काचे रिपब्लिकन डॉन बेकन यांनी आणलं.

या विधेयकाचं मर्म त्या 'आपोआप'मध्ये आहे. तेव्हा काँग्रेस गप्प बसली तर शुल्क चालू राहत होतं. या विधेयकाप्रमाणे काँग्रेस गप्प बसली तर शुल्क संपतं. मग राष्ट्राध्यक्षांना मतं मिळवायला यावं लागेल, आणि प्रत्येक सदस्याला आपलं मत नाव लावून द्यावं लागेल. हल यांच्या तीन वर्षांचाच हा साठ दिवसांचा अवतार. नकाराधिकार वापरू, असं व्हाइट हाऊसने लगेच कळवलं, आणि विधेयक तिथेच अडलं.

कॅन्टवेलबाईंना या प्रश्नाची झळ कुठून लागली, हे आपल्याकडच्या फळबाजारात विचारलं तरी कळेल. त्यांचं राज्य सफरचंदांचं. २०१८ मध्ये पोलादावर कलम २३२ चं शुल्क लागलं, त्याला उत्तर म्हणून भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकी सफरचंदांवर वीस टक्के जादा शुल्क लावलं. आधीचं पन्नास, झालं सत्तर. वाशीच्या मार्केटात ते लालभडक 'वॉशिंग्टन ॲपल' दिसेनासं झालं, त्याची जागा इराण-तुर्कस्तानच्या मालाने घेतली. ते जादा शुल्क २०२३ च्या सप्टेंबरात उठलं, तोवर याकिमा खोऱ्यातल्या बागायतदारांचे भारतातले ग्राहक पांगले होते. त्यांचं पोलादाशी काहीच देणंघेणं नव्हतं. ग्रासली यांच्या आयोवात हीच कथा सोयाबीन आणि चीनची आहे.

सिनेटमध्ये मतदानंही झाली. २ एप्रिल २०२५ ला कॅनडावरची आणीबाणी रद्द करण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी पास झाला, चार रिपब्लिकन बाजू बदलून आले. ३० एप्रिलला जगभरच्या शुल्काविरुद्धचा ठराव ४९-४९ वर अडकला. ऑक्टोबरच्या अखेरीस तीन दिवसांत तीन ठराव पास झाले, ब्राझील, कॅनडा आणि मग सगळ्या जगाबद्दलचा. हाऊसमध्ये मात्र न मोजल्या जाणाऱ्या दिवसांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली. ती आणखी एकदा वाढवायचा प्रयत्न फेब्रुवारी २०२६ मध्ये फसला, कारण तीन रिपब्लिकन सदस्यांनी साथ दिली नाही. लगोलग ११ फेब्रुवारीला कॅनडाचा ठराव हाऊसमध्ये मतदानाला आला आणि २१९ विरुद्ध २११ मतांनी पास झाला. २९० पासून तो फार दूर होता. तरी मला त्या संध्याकाळी मनापासून आनंद झाला. दिवस पुन्हा मोजले जाऊ लागले होते.

माझा थोरला भाऊ निफाड तालुक्यात कांदा करतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगत होते, तर त्याने मध्येच थांबवलं. "आपल्याकडं तरी काय निराळं झालं होतं?" तो बोलला ते खरं आहे. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागल्याची अधिसूचना संध्याकाळी निघाली. सोमवारी लासलगावचे लिलाव बंद. बंदरात कंटेनर अडकले. ऑक्टोबरात किमान निर्यात मूल्य टनामागे ८०० डॉलर झालं, डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण चाळीस टक्के राहिले, सप्टेंबरात वीस झाले, आणि १ एप्रिल २०२५ ला शुल्क पूर्ण गेलं. शहरातल्या घरात कांदा ऐंशी रुपयांवर जाऊ नये, ही काळजी खोटी नव्हे. पण चाळीत कांदा भरून ठेवलेल्या माणसाला त्या सगळ्यात एकदाही आधी विचारलं गेलं नाही. कायद्याशिवाय कर नाही, असं आपल्या घटनेचं कलम २६५ सांगतं, आणि शुल्क अधिसूचनेने बदलायची मुभा संसदेनेच कायद्यात देऊन ठेवली आहे. अधिसूचना नंतर संसदेपुढे येतात. आपल्या पद्धतीत सरकार बहुमतातूनच येत असल्याने तिथे सहसा वेगळं काही होत नाही. अमेरिकेत काँग्रेस वेगळी निवडून येते, भांडू शकते. भांडायची सोय असून न भांडणं जास्त दुःखाचं.

या शुल्काच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणंही मी ऑफिसात रोज ऐकते. धाक असल्याशिवाय कुणी टेबलावर येत नाही. २ फेब्रुवारी २०२६ ला भारताशी समझोता जाहीर झाला, दर अठरा टक्क्यांवर आणायचं ठरलं, ते पन्नासच्या धाकाशिवाय झालं असतं का? कदाचित इतक्या लवकर झालं नसतं. पण हल यांनीही करार केलेच की, एकामागून एक, काँग्रेसने मुदतीने दिलेल्या अधिकारावर. आणि धाकाची किंमत ज्यांनी भरली त्यांच्यात तो सोलापूरचा कारखानदारही होता, ज्याचा रशियाच्या तेलाशी संबंध नव्हता.

२० फेब्रुवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सहा विरुद्ध तीन. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं, की १९७७ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना शुल्क लावायचा अधिकार मिळत नाही. खटला नेणारे कोण होते? शैक्षणिक खेळणी विकणारी इलिनॉयची एक कंपनी, वाइन आयात करणारा न्यूयॉर्कचा एक व्यापारी, अशी लहान माणसं. छोट्या व्यापाऱ्यांची बाजू मांडणारे नील कत्याल हे भारतातून आलेल्या आईवडिलांचे चिरंजीव. आमच्या ऑफिसात त्या दिवशी फोन ठेवायला उसंत नव्हती. प्रत्येकाचा एकच प्रश्न, पैसे परत कधी. परतावा कसा द्यायचा हे निकालात सांगितलेलं नव्हतं. आणि परतावा मिळणार तो फॉर्मवर ज्याचं आयातदार म्हणून नाव आहे त्याला. डिस्काउंट दिलेल्या सोलापूरच्या माणसाचं नाव कुठल्याच फॉर्मवर नाही.

निकालाच्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी दुसरं कलम काढलं, १९७४ च्या कायद्यातलं १२२. आजवर कुणी न वापरलेलं. २४ फेब्रुवारीपासून सगळ्यांवर दहा टक्के. टॉवेलखाली पुन्हा नवी ओळ आली. पण हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी दोन गोष्टी त्यात पक्क्या करून ठेवल्या आहेत: जास्तीत जास्त पंधरा टक्के, आणि जास्तीत जास्त १५० दिवस. त्यापुढे काँग्रेसची मंजुरी लागते. ही मुदत जुलै २०२६ च्या उत्तरार्धापर्यंतची. पोलादाचं २३२ मात्र तसंच उभं आहे, ३०१ सुद्धा, आणि त्यांना काँग्रेसच्या मंजुरीची अशी अट नाही. न्यायालयाने एक दार बंद केलं, बाकीची काँग्रेसलाच बंद करावी लागतील.

माझ्या दोन्ही सिनेटरांना आणि आमच्या प्रतिनिधीला मी पत्रं लिहिली आहेत. शुल्क असावं की नसावं, हे त्यात लिहिलेलं नाही. त्यावर माझं आणि शेजारच्या पोलाद कामगाराचं मत कधीच जुळणार नाही, आणि ते जुळायची गरजही नाही. मी एवढंच मागितलं आहे, की १५० दिवस संपतील तेव्हा मतदान घ्या आणि आपलं मत नोंदवा, ते काहीही असो. आणि ग्रासली-कॅन्टवेल विधेयकातले साठ दिवस २३२ ला आणि ३०१ ला लावा. पत्रासोबत मी टॉवेलच्या त्या जुन्या एंट्रीची प्रत जोडली, ग्राहकाचं नाव झाकून. त्यात ९.१ ची ओळ आहे आणि तिच्याखाली पंचवीस आणि पंचवीस. पहिल्या ओळीबद्दल तुमच्या सभागृहात १९९४ मध्ये कुणी काय मत दिलं ते मला शोधता येतं, असं मी लिहिलं आहे. खालच्या दोन ओळींबद्दल ते मला कुठे सापडेल, हे कृपया कळवावं.